देव मास्तरांवर संशय कोणाचा?

सोमवारी सकाळी प्रफुल्ल इंगवले मुंबईच्या बसमधून सांगलीत उतरला तेव्हा त्याच्या अंगावर नवा कुर्ता होता, खांद्यावर वाहिनीने दिलेली शाल होती, आणि आदल्या संध्याकाळपासून तो खुनी होता.

यातली शेवटची गोष्ट रिक्षावाल्यालाही ठाऊक होती. विजेवरची रिक्षा आवाज न करता विश्रामबागेच्या दिशेने निघाली आणि आरशातून दोन डोळे सतत मागे बघत राहिले.

"काका, काल टीव्हीवर तुम्हीच होता न्हवं? देव मास्तर?"

"हो, मीच तो." प्रफुल्लने शाल सारखी केली.

"लई वाईट वाटलं ओ." रिक्षावाला खरोखरच दुखावलेला दिसत होता. "आमची मंडळी तर जेवलीच न्हाई. म्हणाली, इतका गोड माणूस, पोरांना पेटी शिकवणारा, आणि हा असलं करतो? जरा डावीकडं सरकून बसता का? म्हणजे आरशात नीट दिसाल."

प्रफुल्ल सरकला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कोणीतरी रस्त्यावर ओळखलं होतं. तीस वर्षं तो हौशी नाटकांतून कामं करत होता. कधी राजाचा प्रधान, कधी नायिकेचा बाप, कधी दुसऱ्या अंकात मरणारा मामा. पोटापाण्यासाठी मात्र चष्म्याचं दुकान होतं. गावात त्याला सगळे 'चष्मेवाले इंगवले' म्हणत आणि नाटक बघून गेल्यावरही तेच म्हणत. आणि आता एका भागात काम केलं तर रिक्षावाला घाबरत होता. याहून मोठी पावती नटाला कोणती हवी?

तो भाग होता 'मनमाग' या मालिकेचा. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता अर्धा महाराष्ट्र 'मनमाग' बघत असे. त्यातले पोलीस कोणाच्या मागे धावत नसत. ते गुन्हेगाराच्या मनाचे अभ्यासक होते. खुनाच्या जागी यायचं, खुर्ची कशी ठेवलीय ते बघायचं, आणि गुन्हेगार कसा असेल ते सांगून टाकायचं. पथकाची प्रमुख, रेवती सारंगधर नावाची अधिकारी, अर्धा मिनिट डोळे मिटून उभी राही आणि म्हणे, "खुनी पन्नाशीचा आहे. डावखुरा आहे. लहानपणी त्याला सगळ्या वर्गाने सहलीला नेलं नव्हतं." मग घराघरातून लोक माना डोलावत, जणू सहलीला न नेलेला एखादा तरी त्यांच्या माहितीत होता.

प्रफुल्लच्या भागात एका सोसायटीचे अध्यक्ष क्लबच्या खोलीत मरून पडतात. शेजारी कोकम सरबताचा अर्धा पेला असतो. संशयित चार: सोसायटीचा सेक्रेटरी, अध्यक्षांचा पुतण्या, तळमजल्यावरचा डॉक्टर, आणि सोसायटीच्या मुलांना पेटी शिकवणारे देव मास्तर. देव मास्तर म्हणजे प्रफुल्ल. चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी चौघांनाही एकेक करून त्याच खुर्चीत बसवलं गेलं आणि चौघांनीही आपापला कबुलीजबाब दिला. "खून मीच केला," असं प्रफुल्ल रडत रडत म्हणाला तेव्हा बाहेर डॉक्टर आपली पाळी यायची वाट बघत चहा पीत होता.

कारण 'मनमाग'चा शेवट एक नसे. तो घराघरात वेगळा असे, आणि हीच त्या वर्षीची नवलाई होती.

नव्या टीव्हीच्या चौकटीत, वरच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा असतो. माणसाचं हृदय प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यात थोडं रक्त ढकलतं आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना हा बदल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. शिवाय नजर पडद्यावर कुठे टेकते तेही त्याला कळतं, आणि डोळ्यातली बाहुली केव्हा मोठी होते तेही. चष्मे विकणाऱ्या प्रफुल्लला यातलं निम्मं आधीच माहीत होतं. बाहुली फक्त अंधारातच मोठी होते असं नाही. मन एखाद्या गोष्टीवर अडकलं तरीही होते, आणि ते कोणाच्या हातात नसतं. भाग चालू असताना यंत्र हे सगळं मोजत राही, आणि घरातल्या मंडळींचा कोणत्या पात्रावर किती संशय आहे याचा हिशेब करत राही. मग ज्याच्यावर सर्वांत कमी संशय, तोच त्या घरात खुनी ठरे. त्यामुळे प्रत्येक घर दर रविवारी हमखास चकित होई. टीव्ही घेताना आपण या सगळ्याला परवानगी दिली होती हे कोणालाच आठवत नसे.

घरी पोचल्यावर वृषालीने दार उघडलं. त्याची बायको. बावीस वर्षांपूर्वी ती त्याच्या दुकानात चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आली होती, आणि प्रफुल्लने ती दांडी चार वेळा चुकीची बसवली, म्हणून तिला चार वेळा यावं लागलं होतं. आता ती त्याच्याबरोबर दुकानात असे. कोणत्या चेहऱ्याला कोणती फ्रेम शोभेल हे तिच्याइतकं गावात कोणाला समजत नव्हतं.

"मग?" प्रफुल्लने पिशवी खाली ठेवली आणि आवाज खर्जात नेला. "कसा वाटला खुनी नवरा?"

"तू कुठे खुनी होतास?" वृषाली स्वयंपाकघराकडे वळत म्हणाली. "खून डॉक्टरने केला. चहात आलं घालू का?"

प्रफुल्ल तिथेच उभा राहिला.  रिक्षावाल्याच्या घरात तो खुनी होता. बसमध्ये शेजारी बसलेल्या इचलकरंजीच्या गृहस्थाच्या घरातही होता. त्यांनी तर आपली पाण्याची बाटली उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली होती. आणि त्याच्या स्वतःच्या घरात तो निर्दोष होता. म्हणजेच त्याच्या स्वतःच्या घरात त्याच्यावर कोणीतरी संशय घेतला होता.

कोणीतरी. घरात दोनच माणसं होती. प्रफुल्लच्या मनात एक आशा चमकली आणि तो बाल्कनीत गेला. तिथे त्याची आई मेथी निवडत बसली होती.

"आई, काल भाग बघितलास ना माझा?"

"बघितला की. सुरुवातीचं गाणं फार छान आहे हो."

"आणि त्याच्यापुढे?"

"पुढे जरा डोळा लागला. तुझ्या एंट्रीला उठव म्हणून वृषालीला सांगितलं होतं, पण तीच अगदी पडद्याला डोळे लावून बसलेली." आईने एक काडी बाजूला टाकली. "जाग आली ती शेवटाला. टीव्हीतली ती बाई ओरडते ना, 'तुमचा संशय अमक्यावर होता, फसलात!' म्हणून. तिने मेलीने तुझ्याच नावाने बोंब मारली. 'तुमचा संशय देव मास्तरांवर होता, फसलात!' मी दचकून उठले."

मिटलेले डोळे यंत्र मोजत नाही. आशा संपली.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. वृषालीला संशय यावा असं काहीतरी प्रफुल्लने खरोखरच केलं होतं.

देव मास्तरांची भूमिका मिळाली तेव्हा मालिकेची सर्वेसर्वा, केतकी राजाध्यक्ष, त्याला म्हणाली होती, "दादा, काम आवडलं तर आपण तुमच्यासाठी काहीतरी मोठं बघू." हे वाक्य ती सगळ्यांनाच म्हणे. पण प्रफुल्लने ते मनात घेऊन महिनाभर घासलं, पुसलं, आणि त्याचा दिवाणखाना करून टाकला. त्यात तो मुंबईत राहत होता, नट होता, आणि त्याला कोणी चष्मेवाला म्हणत नव्हतं. शेजारी आवटींचं मोबाइलचं दुकान होतं. आवटींना भिंत पाडून दुकान मोठं करायचं होतं. प्रफुल्लने एके दुपारी, वृषाली बँकेत गेली असताना, त्यांना शब्द देऊन टाकला. दसरा झाला की कागद करू. वृषालीला योग्य वेळ बघून सांगायचं ठरलं होतं. ती योग्य वेळ महिना उलटला तरी येत नव्हती.

दुकान उघडल्यावर दुसरीच गंमत सुरू झाली. डोळे तपासायची खोली अंधारी असते आणि तिच्यात प्रफुल्ल आणि गिऱ्हाईक असे दोघेच असतात. सोमवारी त्या खोलीत यायला कोणी तयार होईना. निवृत्त मामलेदार कुलकर्णी दारापर्यंत आले, आत वाकून बघितलं, आणि म्हणाले, "आज नको. आज मला तसं बरंच दिसतंय." एक बाई आल्या, त्यांनी नंबर वृषालीकडूनच काढून घ्यायचा हट्ट धरला. तिसरे गृहस्थ आत बसले खरे, पण समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता सारखे मान वळवून प्रफुल्लचे हात कुठे आहेत ते बघत होते, त्यामुळे त्यांचा नंबर प्रत्येक वेळी वेगळा निघाला.

दुपारी केतकीचा फोन आला.

"दादा! आकडे आलेत. दहातल्या आठ घरांत तुम्ही खुनी!"

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"अहो, म्हणजे दहातल्या आठ घरांत तुमच्यावर कोणाला काडीचाही संशय आला नाही! एवढा विश्वास आमच्या यंत्राने आजवर कोणावर नोंदलेला नाही. तुमचा चेहरा म्हणजे… म्हणजे दुधावरची साय आहे हो. मी ठरवलंय, तुम्हाला पथकात घ्यायचं. रेवती सारंगधरचे गुरू म्हणून. वर्षभराचं काम. मुंबईत राहावं लागेल. शनिवारपर्यंत कळवा."

प्रफुल्लच्या कानशिलांत गरम वाटलं. त्या क्षणी कॅमेरा समोर असता तर त्याला काही मोजायचीही गरज पडली नसती. तरीही त्याने विचारलं ते भलतंच.

"केतकी, एक सांग. समजा एखाद्या घरात एखाद्या बाईची बाहुली माझ्याकडे बघून मोठी झाली. ते प्रेमानेही असू शकतं ना? तुमच्या यंत्राला दोन्हींतला फरक कळतो का?"

"छान प्रश्न विचारलात. बाहुलीवरून नाही कळत. नजरेवरून कळतं. आवडतं माणूस पडद्यावरून गेलं की बघणाऱ्याची नजर ते गेलं त्या दाराकडे रेंगाळते. ज्याच्यावर संशय आहे ते गेलं, की नजर त्याने मागे ठेवलेल्या वस्तूंवर जाते. पेला, पिशवी, चपला. लाखो प्रेक्षकांवरून काढलंय आम्ही हे. का हो?"

"काही नाही. सहज."

फोन ठेवून तो वळला. वृषाली काउंटरमागे उभी होती आणि तिची नजर त्याने खुर्चीवर टाकलेल्या पिशवीवर होती.

दोन दिवस प्रफुल्लने कसेबसे काढले. कबूल करायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. न सांगावं, तर हिला नेमकं किती कळलंय ते तरी समजायला हवं होतं. बुधवारी दुपारी दुकान रिकामं असताना त्याला एक युक्ती सुचली. ती त्याला फार हुशारीची वाटली, यावरूनच त्याच्या मनाची अवस्था समजावी.

"वृषाली, तुझा नंबर वाढल्यासारखा वाटतोय मला. बस बघू आत."

वृषाली बसली. त्याने दिवा घालवला, बाहुली मोजायचं यंत्र तिच्या डोळ्यासमोर आणलं, तिची हनुवटी पट्टीवर टेकवली. हिरवा आकडा उमटला.

"हलू नकोस. फक्त ऐक. सेक्रेटरी."

"काय?"

"काही नाही. पुतण्या."

आकडा ढिम्म हलला नाही.

"डॉक्टर."

"प्रफुल्ल, हे काय चाललंय?"

"नंबर काढायची नवीन पद्धत आहे. देव मास्तर."

आकडा वर गेला.  प्रफुल्लने शेवटचा शब्द उच्चारला.

"आवटी."

आकडा असा उसळला की यंत्राने बारीक शिटी मारली.

 मग अंधारातून वृषालीचा आवाज आला.

"दिवा लाव."

त्याने लावला. ती हनुवटी पट्टीवरून न काढताच त्याच्याकडे बघत होती.

"बाहुली प्रेमानेही मोठी होते," प्रफुल्ल घाईघाईने म्हणाला. "शास्त्र आहे."

"बावीस वर्षांनी? आणि आवटीच्या नावाने?"

 वृषालीने हनुवटी उचलली, खुर्चीत ताठ बसली, आणि अर्धा मिनिट डोळे मिटले. अगदी रेवती सारंगधरसारखे.

"गुन्हेगार बावन्न वर्षांचा आहे," ती म्हणाली. "स्वतःला फार धूर्त समजतो. गेल्या महिन्याभरात तो बायकोशी एकदाही भांडलेला नाही. लग्न झाल्यापासून जो पंख्याच्या वेगावरून रोज भांडत आला, त्याने अचानक 'तुला हवा तेवढा कर' म्हणायला सुरुवात केली. दसरा तोंडावर आला तरी नव्या फ्रेमा मागवल्या नाहीत. आणि शेजारचा आवटी गेल्या आठवड्यात दुकानात टेप घेऊन भिंत मोजत होता. मी विचारलं तर म्हणाला, वहिनी, पडद्याचं माप घेतोय. चष्म्याच्या दुकानाला पडदा?"

प्रफुल्लने मान खाली घातली.

"रविवारी मी टीव्ही लावला. कौतुकाने बसले होते रे मी. आणि तू आलास. गोड हसत त्या अध्यक्षाला सरबत दिलंस. मी म्हटलं, हे हसू ओळखीचं आहे. महिनाभर मला चहा देताना तू हेच हसतोयस. त्या क्षणी मला कळलं की ह्याने काहीतरी केलंय. खून केलाय की दुकान विकलंय, एवढंच ठरायचं होतं."

मग प्रफुल्लने सगळं सांगितलं. आवटींचा शब्द, मुंबई, केतकी, वर्षभराचं काम. सांगता सांगता त्याचा आवाज कापायला लागला, हात छातीशी गेले.

"अभिनय नको," वृषाली म्हणाली.

त्याने हात खाली घेतले आणि उरलेलं साध्या आवाजात सांगितलं. ते जास्त कठीण गेलं.

वृषाली रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी या दुकानात तुझी मदतनीस आहे असं वाटतं तुला. तो काउंटर माझा आहे, प्रफुल्ल. कुलकर्ण्यांच्या नाकावर चष्म्याचा कोणता पूल बसतो ते मला माहिती आहे. पाटलांच्या सुनेला पहिला चष्मा लागला तेव्हा ती रडत होती, तिला आरशासमोर मी हसवली. आणि तू ते सगळं एका दुपारी देऊन टाकलंस, मी बँकेत असताना." एवढ्यात दुकानाची घंटा वाजली. ती डोळे पुसून बाहेर गेली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "या हो, बसा. उन्हातून आलात, पाणी देऊ?"

गुरुवारी सकाळी प्रफुल्ल शब्द परत घ्यायला आवटींकडे गेला. काय बोलायचं ते त्याने घराच्या जिन्यात दोनदा म्हणून बघितलं होतं. मुंबईचं काय ते नंतर, पण हा शब्द आपला एकट्याचा नव्हताच, एवढं त्याला पटलं होतं. आवटी त्याला बघताच उठून उभे राहिले आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेले.

"इंगवले, बरं झालं आलात. मीच येणार होतो. म्हणजे, येणार नव्हतो, फोन करणार होतो." आवटी घाम पुसत होते. "तो आपला विषय… माझ्याच्याने नाही होणार."

"अहो, मी पण तेच—"

"गैरसमज नको. तुम्ही सज्जन आहात, मला माहितीये. पण रविवारी आमच्याकडे शेवट झाला तेव्हा आमच्या हिने जी किंकाळी फोडली! म्हणते, त्या माणसाशी कागद करायचा नाही. मी म्हटलं, अगं ते नाटक आहे. तर म्हणाली, नाटकात इतकं जमतं तर खरं किती जमत असेल? आणि खोटं कशाला बोलू, मलाही तुमच्यासमोर सही करायची म्हटलं की हात कापतो."

"मग राहू द्या," प्रफुल्ल म्हणाला. आवटींनी सुटकेचा श्वास सोडला आणि दोघांसाठी चहा मागवला. पण चहा आल्यावर त्यांनी स्वतःचा कप काही उचलला नाही.

प्रफुल्लने दुकानात येऊन वृषालीला जसंच्या तसं सांगितलं. आपण नाही म्हणायला गेलो होतो, पण म्हणायची वेळच आली नाही, हेही सांगितलं. वृषालीने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. कोणत्याही यंत्राशिवाय. मग ती म्हणाली, "खरं बोलतोयस. तुझे कान लाल झालेत."

आणि थोड्या वेळाने, फ्रेमा पुसता पुसता, तिने वर न बघता म्हटलं, "जा तू मुंबईला. दुकान मी चालवते. नाहीतरी या आठवड्यात सगळे माझ्याकडेच येतायत. तू मला आधी विचारलं असतंस ना, तरी मी हेच म्हटलं असतं. तीस वर्षं दुसऱ्या अंकात मरतोयस. एकदा तिसरा अंक बघ."

 प्रफुल्लने तिथल्या तिथे केतकीला फोन लावला आणि दोघींनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "केतकी, मी येतो!"



"दादा," केतकी म्हणाली, "एक छोटीशी अडचण झालीय. तुमचा गुरूच्या वेषातला फोटो आम्ही काही घरांत दाखवून बघितला. लोकांच्या नाडीचे ठोके एकदम दीडपट. सगळ्यांची नजर तुमच्या झोळीवर. लोक म्हणतात, हा पथकात शिरून पुरावे नाहीसे करणार. त्यांनी तुमच्यावर जो विश्वास टाकला होता ना, तो एकाच भागात आपण सगळा खर्च केला. आता महाराष्ट्रात तुमच्याइतका संशय कोणावरही नाही. माझ्या घरात तुम्ही आलात तर मीसुद्धा कपाटाला कुलूप लावीन."

"म्हणजे काम गेलं?"

"छे! उलट आहे. आम्हाला असा माणूस दर भागात लागतो. ज्याच्यावर सगळ्यांनी संशय घ्यावा आणि ज्याने काहीच केलेलं नसावं. वेष बदलेल, नाव बदलेल, पण तुम्ही कायमचे संशयित. महिन्यातून चार दिवस मुंबई. चालेल?"

प्रफुल्लने वृषालीकडे बघितलं. वृषाली तोंडाला पुसायचं फडकं लावून हसत होती. सोमवारनंतर पहिल्यांदाच.

"चालेल," प्रफुल्ल म्हणाला.

तेव्हापासून त्याचं बरं चाललं आहे. महिन्यातले चार दिवस तो कुठल्यातरी मृत माणसाच्या आसपास घुटमळतो, घाम पुसतो, प्रश्नांची उत्तरं जरा उशिरा देतो. बाकीचे दिवस तो दुकानात असतो. वृषालीने सगळी नवी फ्रेम-खरेदी आपल्या हातात घेतली आणि अंधाऱ्या खोलीच्या दाराला काच बसवून तिच्यावर आतून जाड पडदा लावला. हवा तेव्हा बाजूला करता येतो. काच आल्यावर कुलकर्णीही परत आले.

नव्या भूमिकेचा पहिला भाग दिवाळीनंतर लागला. त्यात प्रफुल्ल मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक होता. संशयित तिघे: तो, नवरदेवाचा काका आणि लग्न लावणारे गुरुजी. संध्याकाळी घरातली तिघंही टीव्हीसमोर बसली, तेव्हा वृषाली उठली, तिने आपल्या कपाळाची टिकली काढली आणि चौकटीतल्या त्या दाण्याएवढ्या कॅमेऱ्यावर चिकटवली.

"माझ्या नवऱ्याबद्दल मला काय वाटतं," ती म्हणाली, "ते त्या डब्याने मला सांगायची गरज नाही."

भाग नीट चालला. आईही त्या दिवशी जागी राहिली. शेवटाची वेळ आली आणि चित्र थांबलं. पडद्यावरची बाई अतिशय अदबीने म्हणाली, "क्षमा करा, आम्हाला आपले चेहरे दिसत नाहीत. आपला संशय कोणावर आहे ते कृपया मोठ्याने सांगा."

"काकावर," वृषाली म्हणाली. "त्याचे बूट बघितलेस?"

"काका नाही गं, गुरुजी," प्रफुल्ल म्हणाला. "अक्षता दुसऱ्यांदा मागवल्या त्यांनी."

"तू गप्प बस, तू त्यात आहेस. तुला माहिती असणार."

"मला काही माहिती नसतं! आमची तिघांचीही कबुली घेतात!"

"कृपया एकच नाव सांगा," बाई म्हणाली. भांडण वाढलं. बुटांवरून अक्षतांवर आणि अक्षतांवरून वृषालीच्या चुलत बहिणीच्या लग्नावर गेलं. बाईने आणखी दोनदा विनंती केली.

एवढ्यात आई खुर्चीचे हात धरून उठली, टीव्हीच्या जवळ गेली आणि दूध उतू गेल्यावर ओरडावं तशी खणखणीत आवाजात ओरडली, "व्यवस्थापक! हाच तो मेला! खून यानेच केला!"

"आई!" प्रफुल्ल कळवळला. "अगं, तू सुद्धा?"

पडद्यावर चित्र हललं. गुरुजी खुर्चीत कोसळले आणि सोवळ्याच्या टोकाने डोळे पुसत सगळं कबूल करू लागले. "तुमचा संशय व्यवस्थापकांवर होता, फसलात!" बाई आनंदाने म्हणाली. रेवती सारंगधरने व्यवस्थापकाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याची माफी मागितली, आणि तो दिव्यांनी उजळलेल्या कार्यालयातून ताठ मानेने बाहेर पडला.

आई शांतपणे खुर्चीत येऊन बसली.

"फसले कुठली मी," ती म्हणाली. "त्या यंत्राची खोड मला पहिल्याच दिवशी कळली. ज्याचं नाव घ्यावं, त्याला ते सोडून देतं. मग माझा मुलगा असताना मी दुसऱ्या कोणाचं नाव घेईन होय? वाढा आता, भूक लागलीय."